कंपनीचा पगारी वकील आणि न्यायालयापुढील सत्य

कंपनीच्या नोकरीत असलेल्या वकिलाला वकिलाचे विशेषाधिकार मिळावेत काय, या जुन्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी स्पष्ट उत्तर दिले. पूर्णवेळ विधी अधिकारी न्यायालयात वकिली करीत नाही. म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ खालील गोपनीयतेचे संरक्षण त्याला नाही, असा निर्वाळा तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दिला. मालकाच्या विधी सल्लागाराशी त्याने केलेला संवाद कलम १३४ खाली सुरक्षित राहील. मालक आणि पगारी वकील यांच्यातील संवाद मात्र नाही.

या निर्णयाची झळ दूरसंचार तंत्रज्ञानाच्या क्षेत्राला विशेष जाणवेल. भ्रमणध्वनी संच बनविणारे अनेक, पण सर्वांना एकाच मानकानुसार चालावे लागते आणि त्या मानकात अनेक कंपन्यांची पेटंटे गुंतलेली असतात. अशा पेटंटांवरून एरिक्सनने २०१३ मध्ये मायक्रोमॅक्सला दिल्ली उच्च न्यायालयात खेचले, तेव्हापासून हे दावे आपल्याकडेही रुळले आहेत. मानक ठरविणाऱ्या समितीत बसणाऱ्याने आपली संबंधित पेटंटे वेळीच उघड करावीत, असा सर्वसाधारण दंडक आहे. साहजिकच, आपला कोणता अभियंता कोणत्या बैठकीत बसला होता, हे कंपनीच्या वकिलाला ठाऊक असावे लागते.

ते ठाऊक नसल्यास काय घडते, हे अमेरिकेतील क्वालकॉम विरुद्ध ब्रॉडकॉम या खटल्यात दिसले. चलचित्र संक्षेपणाच्या एच.२६४ मानकाशी निगडित दोन पेटंटांचा भंग झाल्याची तक्रार क्वालकॉमने २००५ मध्ये सॅन दिएगो येथील न्यायालयात केली. मानक तयार होत असताना त्या समितीत आपला सहभाग नव्हता, असे कंपनी वारंवार सांगत राहिली. जानेवारी २००७ मध्ये, सुनावणी संपत आली असता, कंपनीच्याच एका अभियंत्याने उलटतपासणीत समितीच्या यादीवरील ई-मेल आपल्याला येत असल्याचे कबूल केले. आधी एकवीस ई-मेल निघाले. पुढे शोध घेता ४६ हजारांहून अधिक दस्तऐवज सापडले. दोन्ही पेटंटे अंमलबजावणीस अपात्र ठरली. अपिलात, डिसेंबर २००८ मध्ये, ही अपात्रता एच.२६४ उत्पादनांपुरती मर्यादित झाली. दंडाधिकारी न्यायाधीश बार्बरा मेजर यांनी जानेवारी २००८ मध्ये कंपनीस ८५ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावयास लावली आणि बाहेरच्या सहा वकिलांची नावे कॅलिफोर्नियाच्या वकील परिषदेकडे पाठविली.

प्रकरण तेथे थांबले नाही. बाहेरच्या वकिलांना आपली बाजू मांडावयाची होती. पण अशिलाची गुपिते सांगण्यास त्यांना मनाई होती. मार्च २००८ मध्ये वरिष्ठ न्यायाधीशांनी त्यांना स्वसंरक्षणापुरती मोकळीक दिली आणि त्यांच्यावरील कारवाई रद्द करून फेरविचारास पाठविली. एप्रिल २०१० मध्ये मेजर यांनी त्यांना दोषमुक्त केले. हेतुपुरस्सर लपवाछपवीचा पुरावा नव्हता. होता तो संवादाचा विलक्षण अभाव. बाहेरचे वकील सुरुवातीला अभियंत्यांना प्रत्यक्ष भेटलेच नव्हते आणि दस्तऐवज गोळा करण्याची पद्धत कंपनीचा विधी विभाग व बाहेरचे वकील यांच्यात नीट ठरलेली नव्हती. ज्याने त्याने दुसरा पाहत असेल असे गृहीत धरले. सरकारी कचेऱ्यांतून हिंडलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

गोपनीयतेचा पुरस्कार करणारे म्हणतात, संरक्षण नसेल तर अभियंता कंपनीच्या वकिलापाशी मन मोकळे करणार नाही. युक्तिवादात तथ्य आहे, पण तो अपुरा आहे. अपजॉन खटल्यापासून, म्हणजे १९८१ पासून, अमेरिकेत कंपनीच्या वकिलाशी होणाऱ्या संवादाला संरक्षण आहे. ते असूनही सॅन दिएगोत कोणी विचारले नाही. उलट युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये, अक्झो प्रकरणी, स्पर्धाविषयक चौकशीत असे संरक्षण नाकारले. पगारी माणूस मालकापासून पुरेसा स्वतंत्र नसतो, हे त्यामागील कारण आपल्या न्यायालयाच्या भूमिकेच्या जवळचे आहे.

आपल्याकडे अडचण दुहेरी आहे. नोकरी चालू असेतो न्यायालयात वकिली करता येत नाही, आणि वकिली नाही म्हणून संरक्षणही नाही. त्यामुळे नाजूक प्रश्न लेखी विचारूच नयेत, अभियंत्याचे म्हणणे बाहेरच्या वकिलाकरवी घ्यावे, असा कल वाढेल. सॅन दिएगोत जी साखळी तुटली ती नेमकी हीच होती. तेव्हा अभियंत्याच्या मेजापर्यंत कोणी जावयाचे, हे दावा दाखल करण्यापूर्वी नावानिशी ठरविणे कंपन्यांना भाग आहे.