लक्षणे नाहीत, मग गुप्तरोगाची चाचणी कशाला?

सिफिलिस, क्लॅमिडिया किंवा एचआयव्हीची लागण झाली तरी अनेकांना सुरुवातीला काहीच त्रास होत नाही. त्यामुळे ‘मला काही होत नाही’ हे चाचणी टाळण्याचे कारण असू शकत नाही. सिफिलिस पेनिसिलिनने बरा होतो. उपचार राहिले तर गर्भवतीकडून बाळापर्यंत पोहोचतो.

सरकारी रुग्णालयांतील आयसीटीसी केंद्रांत एचआयव्ही चाचणी मोफत होते. लगेच केलेली चाचणी निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करावी. २०१७ च्या कायद्याने एचआयव्ही चाचणीसाठी संमती आणि अहवालाची गोपनीयता बंधनकारक केली आहे. पण केसपेपरच्या खिडकीवरच सगळ्यांदेखत ‘कशासाठी आलात?’ असे विचारले, तर तरुण आल्या पावली परततो. गोपनीयता त्या खिडकीपासूनच सुरू व्हायला हवी.

शंका असल्यास १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारता येते.