रान पाहण्याचा हक्क कोणाचा?

रोह्यातील एका बैठकीनंतर चहा घेताना एका ज्येष्ठ साथींनी मला विचारले, “रविवारी तुम्ही गळ्यात दुर्बीण अडकवून नदीकाठी फिरता म्हणे. चळवळीच्या माणसाला एवढी सवड मिळते तरी कशी?” प्रश्न थट्टेचा होता, परंतु त्यामागची समजूत थट्टेवारी नेण्यासारखी नाही. पक्षी पाहणे, जनावरांच्या पाऊलखुणा शोधणे हा पोट भरलेल्यांचा छंद आहे, श्रमिकांच्या जगण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही, असे आपल्यापैकी बहुतेकजण मनातून मानतात. मीही कित्येक वर्षे तसेच मानीत होतो. माझे मत पालटले ते एखाद्या ग्रंथाने नव्हे, तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाने. आणि तेही एकदम नव्हे, बऱ्याच खेपांनंतर.

वरशाहून बोरिवली जवळ नाही. रोहा स्थानकावर मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. तिथून दिव्यापर्यंत गाडी, पुढे दादरला उतरून पुन्हा दुसरी गाडी. आमच्या घरचे नातलग त्या भागात असल्याने वर्षाकाठी एक-दोन खेपा होतातच. रविवारी सकाळी उद्यानाच्या दारात उभे राहिले की हा श्रीमंतांचा छंद असल्याचा भ्रम फिटू लागतो. दहिसर, कांदिवली, मालाडच्या चाळींतून आणि झोपडवस्त्यांतून आलेली कुटुंबे डबे घेऊन येतात. मुले माकडांपाठी धावतात. दुर्बिणी असतात त्या मोजक्याच. परंतु झाडावर काही हलले की वर पाहणारे चेहरे शेकडो असतात. एकदा मे महिन्यात आम्ही पाच-सहाजण एका झाडाखाली उभे राहून हळद्याच्या आवाजाचा माग काढीत होतो. करवंदांची पाटी घेऊन बसलेली पाड्यावरची एक बाई आमची धडपड बराच वेळ पाहत होती. अखेर तिने न उठता हात वर केला आणि म्हणाली, “तो गेला पलीकडं. पिंगळा बघायचा तर हितं ढोलीत बघा.” आमच्या डोक्यावर दहा हातांवर पिंगळा बसला होता. तिचे बोट पाहून आम्हाला तो दिसला.

हे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे रान कोट्यवधींच्या वस्तीच्या कुशीत टिकले ते कोणाच्या निसर्गप्रेमाने नव्हे. १८६० साली विहार आणि १८७९ साली तुळशी हे तलाव तयार झाले ते शहराची तहान भागविण्यासाठी. आणि पाणलोटाचे रान राखले नाही तर तलाव राहणार नाहीत, एवढे व्यावहारिक शहाणपण त्या वेळच्या राज्यकर्त्यांपाशी होते. म्हणजे बिबट्या, चितळ आणि धनेश यांना थारा मिळाला तो मुंबईच्या नळाच्या कृपेने. सार्वजनिक गरजेसाठी राखलेली जमीनच पुढे रान म्हणून उरली, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

त्यानंतरचा इतिहास मात्र आपल्याला अडचणीत टाकणारा आहे. १९९५ साली बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने उद्यानातील अतिक्रमणांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. मे १९९७ मध्ये न्यायालयाने आदेश दिला. १ जानेवारी १९९५ च्या मतदारयादीत ज्यांची नावे नव्हती त्यांच्या झोपड्या हटवायच्या, आणि ज्यांची होती त्यांचे उद्यानाबाहेर पुनर्वसन करायचे, असे त्याचे स्वरूप होते. पुनर्वसनासाठी प्रत्येक कुटुंबाने सात हजार रुपये भरावयाचे होते. हजारो झोपड्या जमीनदोस्त झाल्या. निवारा हक्क सुरक्षा समितीच्या साथींनी रस्त्यावर आणि न्यायालयातही या लोकांची बाजू लढविली. पुढे चांदिवलीला, जुन्या दगडखाणीच्या जागेवर इमारती उभ्या राहिल्या. ज्या व्यक्तीच्या नावाशी आणीबाणीतील तुर्कमान गेटच्या पाडापाडीची आठवण कायमची जोडली गेली आहे, नेमक्या तिच्याच नावाच्या उद्यानात हे बुलडोझर फिरले, हा योगायोगही आपले वाचक विसरले नसतील. उद्यानाच्या कडेने उंच इमारतींचे बेत बांधणाऱ्यांना त्या काळात कोणी असे हुसकावल्याचे माझ्या स्मरणात नाही.

या प्रसंगाने दोन बाजू पडल्या. निसर्गप्रेमी म्हणजे गरिबांचा वैरी, आणि झोपडीवाल्यांची बाजू घेणारा म्हणजे जंगलाचा शत्रू. दोन्ही बाजूंनी ही वाटणी निमूटपणे मान्य केली, ही माझी खरी तक्रार आहे. आणि त्यातला आपला वाटा मी लपवू इच्छित नाही. आपण निवाऱ्याचा प्रश्न उचलला हे योग्यच केले, परंतु जंगल कसे राहावे याचा विचार आपण दुसऱ्यांवर सोपवून मोकळे झालो.

बिबट्याने ही वाटणी मानली नाही. २००४ च्या जून महिन्यात उद्यानाच्या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत एकामागून एक माणसे मेली. मेलेल्यांत मोठा भरणा पाड्यांवरच्या आणि वस्त्यांतल्या लोकांचा होता. घरात संडास नाही म्हणून पहाटे झुडपात जाणारा माणूस आणि कामावरून आलेल्या आईची अंधारात वाट पाहणारे मूल, यांनाच बिबट्या प्रथम गाठतो. तेव्हा उपाय म्हणून पिंजरे लावण्याचा सपाटा झाला. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की, एका ठिकाणचा बिबट्या पकडून दुसरीकडे सोडल्याने संकट कमी होत नाही, उलट वाढते. तो अनोळखी मुलखात बिथरतो. २०११ पासून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या उपक्रमातून वनखाते, अभ्यासक आणि नागरिक एकत्र आले. कचरा उचलला गेला नाही तर भटकी कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीपर्यंत येतो, ही साधी साखळी लोकांना समजावून सांगितली गेली. ध्यानात घ्या, कचरा, दिवाबत्ती आणि संडास हे आपले, नगरपालिकेच्या राजकारणातले जुने विषय! वाघ-बिबट्यांच्या संरक्षणाचा मार्ग त्यांच्यावरून जातो, हे आपल्याला परके का वाटावे? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तर आणखी एक बाब पुढे आणली. येथील बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा फार मोठा आहे, आणि त्यामुळे श्वानदंशाचे व रेबीजचे प्रमाण कमी राहत असावे. लस घ्यायला रोजंदारी बुडवून सरकारी दवाखान्याच्या रांगेत कोण उभे असते, हे सांगायला नकोच.

गोरेगावच्या दिंडोशी भागातील नागरी निवारा परिषदेची वसाहत आपल्यातील जुन्या मंडळींना ठाऊक आहे. मृणाल गोरे, बाबुराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमाल जमीनधारणा कायद्याखालील अतिरिक्त जमीन दीर्घ लढ्यानंतर मिळविली आणि ६२ एकरांवर सामान्यांची हजारो घरे उभी केली. ही वसाहत चित्रनगरीच्या रानाला चिकटलेली आहे, आणि तेथे बिबट्या दिसण्याचे प्रसंग अनेकदा आले आहेत. समाजवाद्यांनी मिळविलेल्या घरांच्या अंगणात रात्री बिबट्या येऊन जातो, हे चित्र मला फार बोलके वाटते. घर हवे की रान हवे, हा प्रश्न तेथल्या रहिवाशाला कोणी विचारलेला नाही. त्याला दोन्हींसह राहायचे आहे.

शेजारच्या आरे वसाहतीत ही गोष्ट उघड्यावर आली. मेट्रो-३ च्या कारशेडविरुद्धच्या याचिका ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडांवर करवती चालू लागल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबविली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. विरोध करणाऱ्या तरुणांना अटक झाली. या आंदोलनात पाड्यांवरील वारली, कोकणा, मल्हार कोळी आणि इमारतींतील मध्यमवर्गीय प्रथमच खांद्याला खांदा लावून उभे राहिले. आपले काही साथी त्या वेळी गोंधळले होते. मेट्रो ही तर सार्वजनिक वाहतूक, तिला विरोध कसा करावा? हा गोंधळ प्रामाणिक होता. परंतु विरोध मेट्रोला नव्हता, गाड्या उभ्या करण्याच्या जागेला होता. २०२० साली कांजूरमार्गचा पर्याय पुढे आला, तोही न्यायालयात अडकला, आणि २०२२ साली सरकार बदलताच कारशेड पुन्हा आरेत आले. मोटारींसाठी उद्यानाखालून ठाणे-बोरिवली बोगदा खणण्याच्या कामाचे भूमिपूजन २०२४ साली झाले, त्याला मात्र सार्वजनिक वाहतुकीची सबब देता येणार नाही.

आणि ज्यांना वाटते की रान म्हणजे गेलेल्या काळाची गोष्ट, त्यांनी माहीमचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहावे. धारावीला लागून, मिठीकाठी, मुंबईचा कचरा टाकण्याची ती जागा होती. तेथे माती टाकून झाडे लावली, १९९४ साली उद्यान खुले झाले, आणि ३७ एकरांत तांबट, खंड्या, शिक्रा आपण होऊन आले. त्यांना कोणी आणले नाही. पुढे धारावीच्या पुनर्विकासात हे उद्यान धरले जाणार की काय, असा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. कचराकुंडी होती तोवर त्या जमिनीकडे कोणी पाहिले नव्हते.

आमच्याकडचे फणसाड पूर्वी मुरूड-जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे राखीव रान होते. तिथे शेकरू पाहण्याचा मान एकट्या नबाबाचा होता. १९८६ साली ते अभयारण्य झाले. वरसे मात्र ना अभयारण्य, ना शहर. रोह्याची वस्ती वाढत आमच्या अंगावर आली आहे, शेते बिनशेती होत आहेत, पलीकडे धाटावचे कारखाने आहेत. तरी कुंडलिकेच्या काठी अजून पाणकावळे पंख वाळवीत बसतात. आमच्या मागच्या बाजूला एका रेखांकनात सोडलेली खुली जागा आहे. तिच्यात दोन जुनी उंबराची झाडे आहेत, फळे पिकली की तिथे संध्याकाळी वटवाघळे आणि सकाळी हळदे येतात. वीटभट्टीवरून परतलेली कातकरी मुले तिथे खेळतात. त्यांना माझ्यापेक्षा जास्त पक्षी ओळखता येतात. त्या जागेला आता तारेचे कुंपण पडू लागले आहे.

ती जागा कागदोपत्री कोणाच्या नावे आहे, कुंपण कोणाच्या परवानगीने घातले जात आहे आणि उंबरांचे काय होणार, हे तीन प्रश्न मी येत्या ग्रामसभेसाठी लेखी दिले आहेत. दुर्बिणीवरून मला टोकणाऱ्या त्या ज्येष्ठ साथींनी अर्जावर दुसरी सही केली आहे.