परवाना आहे, पण धड नळी कुठं आहे?

धान निसवलं की आमच्याकडे रात्री झोप नसते. इकडे मूल, सिंदेवाही, नागभीड, तिकडे आरमोरी, कुरखेडा, धानोरा. सगळीकडे बांध्यांत मचाण उभी राहते, डबे वाजतात, टॉर्च फिरतात. आणि सकाळी पाहावं तर अर्धी बांधी रानडुकरांनी लोळवलेली. चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत मातीत.

कोणी साहेब किंवा पुढारी गावात आला की त्याचं उत्तर ठरलेलं असतं. "परवानगी घ्या अन् मारा. शासनाने सोय केली आहे ना!"

सोय खरंच आहे, कागदावर. २०१५ साली शासनाने नियम सोपा केला. पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकरासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, त्याने २४ तासांत निर्णय द्यायचा, नाही दिला तर परवानगी मिळाली असं समजायचं. वाचायला किती छान! पण भाऊ, मारायचं कशाने? काठीने?

गडचिरोलीत साध्या शेतकऱ्याला बंदुकीचा परवाना मागून पाहा. इतकी वर्षं नक्षलवादाचं कारण होतं, आता कारण बदलेल, उत्तर तेच राहील. ज्यांच्याकडे आजोबांच्या काळची बारा बोअर आहे, त्यांना आचारसंहिता लागली की ती ठाण्यात जमा करावी लागते. २०१९ चं विधानसभेचं मतदान २१ ऑक्टोबरला, २०२४ चं २० नोव्हेंबरला. म्हणजे नेमकं धान उभं असताना. डुकराला आचारसंहिता लागू नाही.

मग लोक काय करतात? सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. रात्री विजेच्या लाइनवर आकडा टाकतात आणि धुऱ्याने उघडी तार फिरवतात. ती तार डुक्कर कोणतं आणि माणूस कोणता ते ओळखत नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये नागभीड तालुक्यात 'श्रीनिवास' वाघ असाच गेला. प्रसिद्ध 'जय'चा बछडा, गळ्यात रेडिओ कॉलर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रह्मपुरीतून पकडून बोरला सोडलेली वाघीण वर्धा जिल्ह्यात तारेनेच मेली. वाघ मेला की बातमी राज्यभर होते. पहाटे पाणी सोडायला गेलेला शेजारचा पोरगा त्याच तारेला चिकटला, तर आतल्या पानात चार ओळी. आणि तार लावणारा शेतकरी तुरुंगात. दोन घरं एका रात्रीत बुडाली.

दुसरी वाट भरमारची. पाइपाचा तुकडा, तोंडातून भरलेली दारू, वर छर्रे. त्या नळीत आटे नाहीत, ती सरळ आहे की वाकडी ते मिस्त्रीलाही ठाऊक नाही. कधी बार पुढे जातो, कधी नळी फाटून बार करणाऱ्याचीच बोटं नेते. लागलाच तर डुक्कर जखमी होऊन झुडपात शिरतं आणि सकाळी मोहफूल वेचायला गेलेल्या बाईवर धावून येतं. माझ्या मते जखमी डुक्कर सोडणं हा डुक्कर न मारण्यापेक्षा मोठा गुन्हा आहे.

म्हणून मी नळीबद्दल बोलतो आहे. काहून? कारण सगळा खेळ तिथेच आहे.

रायफलच्या नळीत आत पिळाचे आटे असतात. ते गोळीला गरगर फिरवतात, म्हणून गोळी सरळ जाते. आटे झिजले, आत गंज चढला किंवा नळीच्या तोंडाची कड ठेचली गेली, तर वर लाखाची दुर्बीण लावा, गोळी भलतीकडेच जाणार. आपल्याकडे जंगलात चार महिने पाऊस आणि पुढे दव. लाकडी दस्ता फुगतो, नळीला दाबतो आणि निशाणी हलते. नळी दस्त्याला न चिकटता मोकळी हवी, हे ज्याने एकदा पावसाळ्यानंतर बार केला आहे त्याला सांगावं लागत नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य आणलं, तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले. त्या पातळीचे नेमबाज आपल्या नळीला कोणत्या लॉटची गोळी मानवते, तेसुद्धा कागदावर बार करून तपासतात. आणि आपण? जे कपाटात पडलं आहे ते उचला आणि अंधारात झाडा!

डुकरासाठी ऑलिम्पिकची नळी नको. त्याचं मर्मस्थान जेवणाच्या ताटाहून लहान असतं. १०० मीटरवर पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडल्या की नळी कामाची. नाही पडल्या की नळी बदला. इतकी साधी परीक्षा आहे. दुर्बीण, ड्रोन, जॅकेट नंतर. पैसा आधी नळीत घाला आणि उरलेला सरावाच्या गोळ्यांत.

पण ही नळी शेतकऱ्याने स्वतः आणून बसवायची नाही, हेही स्पष्ट सांगतो. शस्त्र कायद्यात बंदुकीचे सुटे भागही शस्त्रातच मोजतात. परवान्याशिवाय नळी घेणं, बदलणं, कापणं म्हणजे गुन्हा. म्हणजे ही निवड सरकारलाच करावी लागणार. मग करा ना! भद्रावतीला १९६० च्या दशकापासून आयुधनिर्माणी आहे, तोफेचे गोळे आपल्या जिल्ह्यात भरले जातात. आणि त्याच जिल्ह्यात डुकरासाठी एक तपासलेली रायफल मिळत नाही?

दोन्ही बाजूंच्या मित्रांना उत्तर देतो. "सगळ्यांना बंदुका वाटा" म्हणणाऱ्यांनो, अंधारात शंभर मचाणींवर शंभर रायफली म्हणजे रोज एक अंत्ययात्रा. रायफलची गोळी चुकली तर दोन-तीन किलोमीटर जाते, पुढचं गाव त्याच्या आत असतं. आणि "प्राण्यांना हात लावू नका" म्हणणाऱ्या शहरी मित्रांनो, डुक्कर हे वाघाचं खाद्य आहे, ते संपवा असं मीही म्हणत नाही. पण तुमच्या "हात लावू नका"चा अर्थ इथे "तार लावा" असा होतो. तारेत तुमचा वाघही मरतो.

केरळने २०२२ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना हा अधिकार दिला, परवानाधारक नेमबाजांची यादी केली. आपल्याला काय अडचण आहे?

मागण्या चारच आहेत.

१. प्रत्येक तालुक्यात वनखात्याचं प्रशिक्षित नेमबाज पथक. धानाच्या हंगामात ते गावात मुक्कामी हवं, जिल्ह्याच्या ठिकाणी नको.

२. रायफल खरेदी करताना फक्त दर पाहू नका. प्रत्येक नळीची कागदावर परीक्षा घ्या आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा घ्या. तो कागद ग्रामपंचायतीत लावा.

३. बार मचाणीवरून, खाली मातीच्या दिशेनेच. जखमी जनावर शोधल्याशिवाय पथकाने गाव सोडायचं नाही.

४. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतलं सौर कुंपण कोणाला मिळालं, त्याची यादी चावडीवर. सौर कुंपण झटका देतं, जीव घेत नाही. आकड्याची तार जीव घेते.

पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. पेसा गावांत ग्रामसभेच्या ठरावाला वजन आहे, ते वापरा. साहेब पुन्हा म्हणाले "परवानगी घ्या अन् मारा", तर शांतपणे एवढंच विचारा, "साहेब, नळी कधी तपासली होती?"

आणि हे वाचणाऱ्या ज्या कोणाच्या धुऱ्यावर आज तार आहे, त्याला हात जोडून सांगतो. भाऊ, आज रात्रीच काढ. पीक पुढच्या वर्षी पुन्हा येईल, पोरगं येणार नाही.