ग्रामपंचायतीचा खर्च मोबाइलवर दिसतो, पण नावं मिळतील का?

सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात, वावी-पांगरीकडे, उन्हाळा लागला की टँकरची चर्चा सुरू होते. अशा गावात पाणी योजनेवर किती पैसे गेले आणि ते कुणाला मिळाले, हे विचारणं हा नागरिकाचा साधा हक्क. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता ऑनलाइन मिळू शकतं. दुसऱ्याचं मिळवणं मात्र नोव्हेंबर 2025 पासून अवघड झालंय. कसं, ते पाहूया.

घरबसल्या काय दिसतं?

केंद्र सरकारचं ई-ग्रामस्वराज पोर्टल 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालं. त्यात महाराष्ट्र, नाशिक, सिन्नर आणि मग आपली ग्रामपंचायत निवडली की गावाचा विकास आराखडा आणि जमा-खर्च पाहता येतो. 15व्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातल्या निधीपैकी 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी राखीव होती. म्हणून आधी याच नोंदी बघा.

पण ‘पाइपलाइन दुरुस्ती’ एवढ्या नोंदीवरून पाइप किती मीटर टाकला, हे कळत नाही. त्यासाठी मोजमाप पुस्तिका आणि बिलं लागतात, आणि ती माहिती अधिकारात मागावी लागतात.

अर्ज कसा करायचा?

राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर आपलं कार्यालय असेल तर तिथेच अर्ज करता येतो. नसेल तर साध्या कागदावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून द्या. एका अर्जात एकच विषय, तोही साधारण 150 शब्दांत. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं.

मग बदललं काय?

पूर्वी कलम 8(1)(जे) नुसार खासगी माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, हे बघावं लागायचं. विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशीही तरतूद होती. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने या दोन्ही गोष्टी काढून टाकल्या. आता माहिती ‘वैयक्तिक’ आहे एवढंच कारण पुरतं.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच सांगितलंय, आणि ते योग्यच आहे. कुणाचा आधार क्रमांक किंवा आजारपण गावभर व्हायला नको. पण सरकारी पैसा घेणाऱ्या ठेकेदाराचं नाव आणि हे यांना एकाच तराजूत तोलणं बरोबर नाही. नाव झाकलं की एकाच माणसाला पाच कामं मिळाली का, हे शोधताच येत नाही.

आता काय करता येईल?

• आधी कामाची कागदपत्रं मागा: अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, बिलं.
• ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार आला तर अपिलात कलम 8(2) नमूद करा. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, ही तरतूद अजून शाबूत आहे. जनहित कोणतं, ते दोन ओळींत स्पष्ट लिहा.
• कलम 2(जे) खाली प्रत्यक्ष कामाची पाहणीही मागता येते.
• मिळालेले कागद ग्रामसभेत मांडा आणि चर्चा इतिवृत्तात नोंदवून घ्या.

पोर्टलवरचा आकडा कुणी विचारलं नाही तर नुसता आकडाच राहतो. ग्रामसभेत चार जणांनी विचारलं, तरच त्याचा हिशोब होतो.