शॉकवेव्ह थेरपी : टाच, खांदा, कोपर दुखतंय? पॅकेजचे पैसे भरण्याआधी या गोष्टी समजून घ्या

सकाळी पहिलं पाऊल जमिनीवर टेकलं की टाचेतून कळ निघते. गोळ्या झाल्या, मऊ चप्पल झाली, तरी फरक नाही. मग कुणीतरी सुचवतं, ‘शॉकवेव्ह करून घ्या.’ मोबाईल उघडला की ‘ऑपरेशनशिवाय आराम’ सांगणारे रील्सही दिसू लागतात.

नागपुरात ही थेरपी आता अनेक खासगी ऑर्थोपेडिक आणि फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये मिळते. धंतोली, रामदासपेठच्या दवाखान्यांत विदर्भासोबतच छिंदवाडा, बालाघाटहूनही रुग्ण येतात. त्यांच्यासाठी पाच सिटिंग म्हणजे फक्त पाच वेळची फी नाही. पाच वेळचा प्रवास आणि पाच दिवसांची बुडालेली मजुरीही त्यात धरावी लागते. म्हणूनच ही थेरपी नेमकी कुणाला उपयोगी पडते, हे आधी कळणं महत्त्वाचं आहे.

शॉक म्हणजे करंट देतात का?

नाही. नाव ऐकून अनेकांना विजेचा झटका आठवतो, पण यात शरीरात करंट सोडत नाहीत. दुखऱ्या जागेवर जेल लावून मशीनचं टोक टेकवतात आणि त्यातून दाबाच्या लहरी आत सोडतात. एका सिटिंगमध्ये साधारण २,००० ठोके दिले जातात. एकूण वेळ काही मिनिटांचाच असतो. आठवड्याच्या अंतराने तीन ते पाच सिटिंग, ही नेहमीची पद्धत आहे.

याची सुरुवात मूतखड्यापासून झाली. फेब्रुवारी १९८० मध्ये जर्मनीतल्या म्युनिकमध्ये पहिल्यांदा एका रुग्णाचा मूतखडा बाहेरून सोडलेल्या लहरींनी फोडण्यात आला. ते मशीन बनवणारी डॉर्निए ही मूळची विमान कंपनी. पुढे कमी ताकदीच्या लहरी स्नायूबंध आणि हाडांच्या दुखण्यावर वापरल्या जाऊ लागल्या. अमेरिकेच्या एफडीएने २००० साली टाचदुखीसाठी अशा पहिल्या मशीनला मान्यता दिली. मात्र, ही मान्यता दुखणं किमान सहा महिने जुनं असलेल्या आणि साध्या उपचारांनी बरं न वाटलेल्या रुग्णांसाठीच होती.

सगळी मशीन सारखीच असतात का?

नाही. ‘फोकस्ड’ प्रकारात लहरी शरीराच्या आत ठरावीक खोलीवर एकवटतात. ‘रेडियल’ प्रकारात हवेच्या दाबाने नळीतला धातूचा तुकडा टोकावर आदळतो. त्याचा जोर त्वचेजवळ सर्वाधिक असतो आणि आत जाताना तो कमी होत जातो. शास्त्राच्या भाषेत रेडियल लहरी खऱ्या ‘शॉकवेव्ह’ नाहीतच. पण दोन्ही प्रकार एकाच नावाने विकले जातात.

मग दुखणं थांबतं का?

हे दुखणं कुठलं आहे, यावर अवलंबून आहे. जुनाट टाचदुखीत, म्हणजे प्लांटर फॅसायटिसमध्ये, काही रुग्णांना फायदा होतो. तरीही ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००९ मध्ये म्हटलं होतं की, सुरक्षिततेची मोठी चिंता नाही, पण परिणामाचे पुरावे एकसारखे नाहीत.

खांद्याच्या दुखण्यावर २०२० मध्ये कोक्रेनने ३२ चाचण्या आणि २,२८१ रुग्णांचा आढावा घेतला. त्यात रुग्णाला जाणवेल असा फायदा फारच कमी आढळला. टेनिस एल्बोवरच्या २००५ च्या कोक्रेन आढाव्यातही फायदा नगण्यच दिसला.

शिवाय, टाचदुखी बऱ्याच जणांची वर्षभरात ताणाचे व्यायाम, योग्य पादत्राणं आणि थोडी विश्रांती यांनी कमी होते. हा उपाय जवळपास फुकट आहे. त्यामुळे शॉकवेव्ह घेतली तरी व्यायाम सुटत नाही. ‘एका सिटिंगमध्ये कायमचा आराम’ या दाव्यावर विश्वास ठेवू नये. फरक पडायचा असेल तर त्याला कित्येक आठवडे लागू शकतात.

कुणी सावध राहावं?

गर्भवती महिला, रक्त गोठण्याचा आजार असलेले किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे रुग्ण, त्या जागी गाठ किंवा संसर्ग असलेले रुग्ण आणि हाडांची वाढ सुरू असलेली मुलं, यांच्यावर ही थेरपी सहसा टाळतात. नुकतंच स्टेरॉईडचं इंजेक्शन घेतलं असेल, पेसमेकर असेल किंवा मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल, तर ते आधीच सांगावं.

सिटिंगदरम्यान दुखणं, नंतर लालसरपणा, सूज किंवा काळंनिळं पडणं हे होऊ शकतं. क्वचित स्नायूबंध तुटल्याच्याही नोंदी आहेत.

रात्री झोपेतून उठवणारी वेदना, ताप, अचानक घटलेलं वजन, पायात बधिरपणा किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं असेल, तर आधी तपासणी करून घ्यावी.

पैसे भरण्याआधी काय विचाराल?

• माझ्या दुखण्याचं नेमकं निदान काय? कागदावर लिहून मिळेल का?
• मशीन फोकस्ड आहे की रेडियल? माझ्या त्रासासाठी तेच का?
• मशीन कोण चालवणार? ते डॉक्टर किंवा नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट आहेत का?
• एकेका सिटिंगचे पैसे देता येतील का? मध्येच थांबलो तर उरलेले पैसे परत मिळतील का?
• सोबत कोणते व्यायाम करायचे?

एक खासगी सल्ला पुरेसा वाटत नसेल, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे ‘मेडिकल’, मेयो किंवा मिहानमधल्या एम्सच्या ऑर्थोपेडिक ओपीडीत दुसरं मत घेता येतं.

आणि पावती मागायला संकोच करू नका. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलं आहे. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तिथे रील नव्हे, तर निदानाचा कागद आणि पावतीच कामी येते.