मोजपट्टीची सवलत: ब्रिटनच्या ‘बँटम’ सैनिकांची गोष्ट

#थ्रेड

१/ शारीरिक निकषात न बसणाऱ्या तरुणाने सैन्यात जाण्यासाठी सवलत मागावी आणि शासनाने ती द्यावी, यात वरवर पाहता उदारपणाच दिसतो. पहिल्या महायुद्धातील ब्रिटनच्या ‘बँटम’ पलटणींचा इतिहास मात्र एक अवघड प्रश्न पुढे ठेवतो. सवलत दिल्यानंतरची जबाबदारी कोणाची?

२/ ऑगस्ट १९१४ मध्ये युद्धाला तोंड फुटले तेव्हा ब्रिटिश पायदळात भरती होण्यासाठी किमान उंची ५ फूट ३ इंच असावी लागे. युद्धमंत्री लॉर्ड किचनेर यांच्या आवाहनाला असा प्रतिसाद मिळाला की एकट्या सप्टेंबरमध्ये साडेचार लाखांहून अधिक तरुण दाखल झाले. त्यांच्यासाठी निवारा, गणवेश, रायफली अपुऱ्या पडू लागल्या. ११ सप्टेंबरला उंचीची अट एकदम ५ फूट ६ इंच करण्यात आली.

३/ गर्दी ओसरली आणि नोव्हेंबरमध्ये ती अट पुन्हा ५ फूट ३ इंचांवर आली. या दोन महिन्यांत तरुणांची शरीरे होती तशीच राहिली होती. बदलली होती ती सैन्याची गरज. ‘अपात्र’ हा शिक्का डॉक्टर मारत असला, तरी मोजपट्टी युद्धखात्याच्या हातात होती, हे येथे स्पष्ट दिसते.

४/ पण ५ फूट ३ इंचांहून बुटक्या माणसांचे काय? एक प्रसिद्ध कथा सांगितली जाते. डरहॅमकडचा एक खाणकामगार भरती केंद्रामागून भरती केंद्रे पालथी घालत बर्कनहेडला पोहोचला. तेथेही नकार मिळताच त्याने खोलीतल्या सर्वांना कुस्तीचे आव्हान दिले. त्याला बाहेर काढायला म्हणे सहा जण लागले. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. पण पुढे जे घडले ते निःसंशय इतिहास आहे.

५/ बर्कनहेडचे खासदार आल्फ्रेड बिगलंड यांनी युद्धखात्याकडे परवानगी मागितली: ५ फूट ते ५ फूट ३ इंच उंचीच्या माणसांची स्वतंत्र पलटण उभारू द्यावी. परवानगी मिळाली आणि नोव्हेंबरअखेर सुमारे ३,००० जण गोळा झाले. त्यांतले कित्येक आधी नाकारले गेलेले. एकाऐवजी दोन पलटणी उभ्या राहिल्या. नाव पडले ‘बँटम’; लहान चणीच्या पण झुंजार कोंबड्याच्या जातीवरून.

६/ येथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. उंचीत सूट दिली, पण छातीचा घेर मात्र किमान ३४ इंच मागितला. नेहमीच्या निकषापेक्षा एक इंच जास्त. म्हणजे परीक्षा रद्द केली नव्हती, तर प्रश्न बदलला होता. ‘हा किती उंच आहे?’ याऐवजी ‘हा काम करू शकेल का?’ असे विचारले गेले. खाणीत दिवसभर कोळसा फोडणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर देणे जड नव्हते. न्याय्य सवलत म्हणतात ती हीच.

७/ ही माणसे बुटकी का होती, हाही प्रश्न टाळता येत नाही. बोअर युद्धाच्या वेळी औद्योगिक शहरांतले तरुण मोठ्या संख्येने अपात्र ठरले. त्यातून निर्माण झालेल्या चिंतेपोटी १९०४ मध्ये ‘शारीरिक ऱ्हासा’ची चौकशी करणाऱ्या शासकीय समितीचा अहवाल आला आणि १९०६ मध्ये गरीब शाळकरी मुलांच्या जेवणाचा कायदा झाला. मुलांची उपासमार जुनीच होती. ती शासनाला दिसली, ती सैनिक कमी पडू लागल्यावर.

८/ मग अशा माणसांनी भरतीसाठी एवढी धडपड का करावी? कुणाला देशप्रेम होते, कुणाला नागरी पोशाखात रस्त्याने फिरताना भित्रेपणाचे प्रतीक म्हणून पांढरे पीस हातात दिले जाण्याची लाज होती, आणि कुणाला घर चालवायचे होते. कवी व चित्रकार आयझॅक रोझेनबर्ग ऑक्टोबर १९१५ मध्ये सफोक रेजिमेंटच्या बँटम पलटणीत दाखल झाला. छातीच्या दुखण्याने आधीच त्रस्त असलेल्या या तरुणाला आईच्या हाती भत्ता पडावा, असे वाटत होते. १ एप्रिल १९१८ रोजी तो आघाडीवर मारला गेला.

९/ बँटम पलटणींची मिळून ३५ वी डिव्हिजन तयार झाली. ४० व्या डिव्हिजनमध्येही त्यांच्या अनेक पलटणी होत्या. १९१६ च्या प्रारंभी ३५ वी डिव्हिजन फ्रान्सला गेली आणि जुलैत सोमच्या लढाईत उतरली. हानी मोठी झाली. रिकाम्या जागा भरायला पहिल्यांसारखे दणकट खाणकामगार आता उरले नव्हते.

१०/ तरीही जागा भरायच्याच होत्या! मग जे आले त्यांत अशक्त माणसे होती, पुरती वाढ न झालेली पोरे होती. उंचीची सूट कायम राहिली. तिच्या जोडीची ताकदीची अट मात्र व्यवहारात गळून पडली. ‘हा काम करू शकेल का?’ हा प्रश्न मागे पडून ‘किती भरले?’ एवढाच उरला. सवलतीचा अर्थ इथे बदलला.

११/ २५-२६ नोव्हेंबर १९१६ च्या रात्री आरासजवळ जर्मनांनी छापा घातला. १९ व्या डरहॅम लाइट इन्फंट्रीच्या काही सैनिकांनी जागा सोडल्या. लष्करी न्यायालयांनी २६ जणांना मृत्युदंड सुनावला. बहुतेकांची शिक्षा बदलली गेली. पण लान्स सार्जंट विली स्टोन्स आणि दोन लान्स कॉर्पोरल यांना १८ जानेवारी १९१७ रोजी गोळ्या घालण्यात आल्या. स्टोन्सही मूळचा खाणकामगारच.

१२/ त्याच डिसेंबरमध्ये डिव्हिजनची वैद्यकीय तपासणी झाली आणि १,४३९ सैनिक अयोग्य ठरले. त्यांची रवानगी श्रमिक तुकड्यांत झाली. पुढे डिव्हिजनच्या चिन्हावरून कोंबडा काढून सात पाचांचे वर्तुळ आले: सात पंचे पस्तीस. प्रयोग पुसला गेला. दोष मात्र सैनिकांच्या शरीरांवर आणि मनांवर राहिला. त्यांना तपासून ‘योग्य’ ठरवणाऱ्यांवर नाही.

१३/ गरजेप्रमाणे दार उघडायचे आणि गरज सरताच लोटून घ्यायचे, ही रीत त्याच साम्राज्याच्या भारतीय सैन्यातही होती. तेथे अडसर शरीराचा नव्हता, जातीचा होता. १८९० च्या दशकात महारांची भरती थांबली. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी ती पुन्हा सुरू करण्यासाठी भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. दार उघडले ते १९१७ मध्ये, युद्धाला माणसे हवी होती तेव्हा. युद्धानंतर काही वर्षांतच ती महार पलटण मोडण्यात आली.

१४/ यावरून सवलतच नको, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. बिगलंड यांची पहिली मागणी योग्यच होती. आंधळ्या निकषाने नाकारलेल्या सक्षम माणसाला संधी मिळायलाच हवी. पण सवलत म्हणजे शासनाने केलेला करार आहे. ‘तुला घेतो’ असे म्हणणाऱ्याने ‘तुला पारखून घेतले आहे, यापुढचे उत्तरदायित्व माझे’ हेही म्हणायला हवे.

१५/ स्टोन्स आणि त्याच्या साथीदारांना २००६ मध्ये मरणोत्तर क्षमा मिळाली. त्या वर्षीच्या कायद्याने क्षमा केलेल्या ३०० हून अधिक सैनिकांत त्यांचा समावेश होता. क्षमा मिळाली ती शिक्षा झालेल्यांना. मोजपट्टी हाती धरणाऱ्यांकडून मात्र कोणी कधी हिशेब मागितला नाही.