द्राविडी प्राणायाम आणि मोऱ्याचा धक्का

१/ निष्फळ कष्टांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. खटाटोप, उठाठेव, उपद्व्याप, लष्कराच्या भाकऱ्या. ‘द्राविडी प्राणायाम’ही सर्रास याच रांगेत बसवला जातो. त्याची जागा तेथे नाही.

२/ प्राणायामात हात समोरून सरळ नाकाशी जातो. द्राविडी प्राणायामात तोच हात डोक्यामागून फिरवून नाकाशी आणतात. नाक अखेर हाती येतेच. कष्ट व्यर्थ जात नाहीत, वाट मात्र अकारण लांबते. (‘द्राविडी’ या विशेषणात दाक्षिणात्यांची थट्टा दडलेली आहे, याचेही भान असावे.)

३/ या शब्दाचा नकाशावरचा दाखला म्हणजे उरणजवळचे मोरा बंदर. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच समुद्र ओलांडून थेट मोऱ्याला लागते. हा झाला सरळ हात.

४/ या सान्निध्याचे मोल इंग्रजांनी ओळखले होते. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टीसोबत करंजा (उरणचे बेट), घारापुरी आणि हॉग ही लहान बेटेही त्यांनी स्वतःकडे राखली.

५/ ओहोटीला मात्र गाळामुळे लाँच खोळंबते आणि प्रवाशाला वाशीचा वळसा पडतो. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणला लोकल आली. तिनेही मुंबई गाठायची ती वाशीमार्गेच. त्याच दिवशी २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. त्यावर दुचाकीला मज्जाव आहे.

६/ ‘व्यर्थ’ म्हटले की दोष कष्ट करणाऱ्याच्या माथी जातो. ‘द्राविडी’ म्हटले की प्रश्न उरतो : सरळ वाट कोणी अडवली?

७/ जानेवारी १९८४ मध्ये याच उरण तालुक्यात, जासई परिसरात, नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींच्या मोबदल्याकरिता शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. हा लढा व्यर्थ नव्हता. हक्काच्या गोष्टीसाठी पाच जीव जावे लागले, हा त्या वाटेचा दोष होता.

८/ म्हणून इतिहास वाचताना हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. एकाने लढणाऱ्यांची हेटाळणी होते. दुसऱ्याने व्यवस्थेला जाब विचारता येतो.